अदृश्याशी बोलणारी यंत्रे

१८७४ साली लंडनमधल्या एका घरात विजेचा एक प्रयोग झाला. फ्लॉरेन्स कुक नावाच्या तरुण मुलीच्या दोन्ही हातांवर, मनगटांपाशी, ओलसर टिपकागद ठेवला गेला. त्यावर सोन्याचे एकेक नाणे घट्ट बसवले आणि नाण्यांना तारा जोडल्या. तारांतून अतिशय क्षीण प्रवाह सोडला होता आणि तो मोजणारा गॅल्व्हानोमीटर पडद्याबाहेर बसलेल्या मंडळींना दिसत होता. मुलगी पडद्याआड अंधारात होती. ती माध्यम होती. ती समाधीत गेली की ‘केटी किंग’ नावाचा आत्मा देह धारण करून पडद्याबाहेर येतो, असे सांगितले जाई. मुलगीच तारा सोडवून वेष बदलून बाहेर आली, तर प्रवाह तुटेल आणि काटा शून्यावर येईल, अशी ही योजना होती. ती आखणारा क्रॉमवेल व्हार्ली हा अटलांटिक महासागराच्या तळाशी घातलेल्या तारेचा विद्युत अभियंता होता. शेकडो मैल दूर, खोल पाण्यात तार कुठे बिघडली आहे हे किनाऱ्यावर बसून प्रवाहाच्या मापावरून ओळखण्यात त्याची हयात गेली होती. तीच विद्या त्याने एका मुलीच्या देहावर लावून पाहिली.

काटा शून्यावर आला नाही. व्हार्लीचे समाधान झाले. पुढच्या टीकाकारांनी दाखवून दिले की नाणी हातावर वर सरकवून किंवा दुसरा विद्युतरोध जोडून ही व्यवस्था फसवता आली असती. निकाल काय लागला यापेक्षा मला त्या खोलीतली माणसे आणि साधने महत्त्वाची वाटतात. जगातले सर्वांत पुढचे संदेशतंत्र ज्यांच्या हातात होते, तीच माणसे परलोकाशी संपर्क होतो का हे तपासत होती. त्यासाठी त्यांनी आपली रोजची उपकरणे आणली होती आणि त्या उपकरणांवर त्यांचा विश्वास होता. तंत्रज्ञानाच्या इतिहासाच्या रूढ पुस्तकांतून हा प्रसंग वगळला जातो, नाहीतर थोरांची एक दुबळी बाजू म्हणून तळटीपेत ढकलला जातो. तळटीपेतला हा मजकूर मुख्य मजकुरात आणावा, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

आरंभीच माझी भूमिका सांगणे बरे. मृतांचे आत्मे तारेवरून, रेडिओवरून किंवा आणखी कुठल्या यंत्रातून बोलतात, याला पुरावा आहे असे मला वाटत नाही. पण एवढे म्हटले की विषय संपला, हेही मला मान्य नाही. गेल्या अडीचशे वर्षांत गूढविद्या आणि यंत्रविद्या एकमेकींच्या इतक्या निकट वाढल्या, की एकीची गोष्ट गाळून दुसरीची सांगितली तर ती खोटी होते. यंत्रांना या संबंधातून प्रेरणा मिळाली, उपमा मिळाल्या, पैसा मिळाला. आणि जिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही अशी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे काटेकोर परीक्षेची रीत. माझ्या मते या विषयाचा गाभा तोच आहे.

सुरुवात आत्म्यांच्या आधीपासून करावी लागते. फ्रान्झ मेस्मर हा वैद्य माणसाच्या देहात एक सूक्ष्म चुंबकीय द्रव वाहतो असे मानी, आणि त्याच्या बळावर रोग बरे करी. पॅरिसमध्ये त्याचा एवढा बोलबाला झाला की १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी मंडळ नेमले. त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. मंडळाने रोग्यांचे डोळे बांधले. ‘चुंबकित’ केलेल्या एका झाडापाशी ज्याला मूर्च्छा यायला हवी होती, तो बारा वर्षांचा मुलगा भलत्याच झाडाखाली कोसळला. परिणाम होत होता, पण तो द्रवाचा नव्हता, अपेक्षेचा होता. आज औषधांच्या चाचण्यांत रोग्याला खरी गोळी मिळाली की नकली, हे त्याच्यापासून लपवून ठेवतात. त्या पद्धतीचे मूळ शोधत गेले तर आपण याच झाडापाशी पोहोचतो.

त्यानंतर तारायंत्र आले. १८४४ च्या मे महिन्यात सॅम्युएल मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला जाहीर संदेश धाडला. चारच वर्षांनी, १८४८ च्या मार्चअखेरीस, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल या खेड्यात मॅगी आणि केट फॉक्स या लहान बहिणींच्या घरात टकटक ऐकू येऊ लागली. ती मृताच्या आत्म्याची मानली गेली आणि लौकरच तिची लिपी ठरली. कुणी मुळाक्षरे ओळीने म्हणायची आणि हव्या त्या अक्षरावर टकटक व्हायची. हे तारेचे कडकट्टच होते, फक्त तारेविना. लोकांनाही ते साम्य लगेच जाणवले. १८५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आत्म्यांशी बोलणाऱ्यांच्या पंथाचे साप्ताहिक निघाले, त्याचे नाव ‘स्पिरिच्युअल टेलिग्राफ’. देह शेकडो कोस दूर असताना बोलणे क्षणात पोहोचते, हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर मृत्यूचे अंतर तेवढे ओलांडता येणार नाही असे का मानावे? त्या काळच्या माणसाला हा प्रश्न वेडगळ वाटला नाही. आज तो आपल्याला वेडगळ वाटतो, कारण तारेच्या आतले आपल्याला ठाऊक झाले आहे. त्या वेळी ते व्हार्लीसारख्या मोजक्यांनाच ठाऊक होते, आणि तेही अर्धेमुर्धे.

तार आणि मृत्यू यांचे नाते मराठी घराला वेगळे समजावून सांगायला नको. ‘तार आली’ हे शब्द कानावर पडले की मजकूर वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू होई. २०१३ च्या जुलैमध्ये भारतातली तारसेवा बंद झाली तेव्हा वृत्तपत्रांत आलेल्या आठवणींतही हे भय डोकावत होतेच. विल्यम क्रुक्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाची कथा मला या नात्याची सर्वांत बोलकी खूण वाटते. १८६१ मध्ये थॅलियम हे मूलद्रव्य त्याने शोधले. त्याचा धाकटा भाऊ फिलिप १८६७ मध्ये क्यूबाजवळ समुद्रात तार घालण्याच्या मोहिमेवर असताना पीतज्वराने गेला. वय अवघे एकवीस. त्या दुःखात क्रुक्स आत्म्यांच्या बैठकांकडे वळला, आणि त्याला तिकडे नेणाऱ्यांत तारेचा अभियंता व्हार्ली होता. पुढे डॅनियल होम या प्रसिद्ध माध्यमाच्या हातातला अकॉर्डियन पिंजऱ्यात ठेवून तो आपोआप वाजतो का, हे क्रुक्सने आपल्या घरी तपासले. फ्लॉरेन्स कुकचीही परीक्षा घेतली आणि ती खरी असल्याची ग्वाही दिली. १८७० च्या त्याच दशकात तो निर्वात नळ्यांतून वीज सोडून त्यातली चमक अभ्यासत होता. तिला तो द्रव्याची चौथी अवस्था म्हणे. त्या जातीच्या नळ्यांवर काम करतानाच १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले. १८९२ मध्ये क्रुक्सने तारेवाचून संदेश धाडता येतील असे भाकीत एका मासिकात छापले. हा माणूस १९१३ मध्ये रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. त्याची प्रयोगशाळा आणि त्याची बैठकीची खोली यांच्यात भिंत घालायचा प्रयत्न चरित्रकारांनी केला आहे. मला ती भिंत कुठे सापडत नाही.

इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉजचेही तसेच. १८९४ मध्ये विद्युतचुंबकीय लहरी टिपणाऱ्या उपकरणाची प्रात्यक्षिके त्याने दिली. रेडिओला नेमक्या लहरीवर जुळवून घेण्याचे त्याचे पेटंट पुढे मार्कोनी कंपनीला विकत घ्यावे लागले. लॉजची ईथरवर श्रद्धा होती. सारे विश्व व्यापणाऱ्या, प्रकाश वाहून नेणाऱ्या या माध्यमात मन आणि स्मृतीही टिकून राहत असतील, असे त्याला वाटे. १९१५ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा मुलगा रेमंड बेल्जियममध्ये ईप्रजवळ युद्धात मारला गेला. पुढच्या वर्षी लॉजने रेमंडशी झालेल्या संवादांचे पुस्तक छापले, आणि पोटची पोरे रणांगणावर गमावलेल्या हजारो घरांनी ते वाचले. पहिल्या महायुद्धाने अशा बैठकांची जी लाट आणली तिच्यामागे केवळ भोळेपणा होता असे म्हणणे मला क्रूरपणाचे वाटते. अनेकांना शव मिळाले नव्हते, थडगे मिळाले नव्हते. हातात आली होती ती फक्त एक तार.

याहून अनपेक्षित उदाहरण हान्स बर्गर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाचे आहे. १८९० च्या दशकाच्या आरंभी लष्करी सेवेत असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफगाडीच्या चाकाखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीला त्याच्याविषयी अकारण धास्ती वाटली आणि तिच्या सांगण्यावरून वडिलांनी त्याला तार केली. भयाच्या त्या क्षणी आपल्या मनातले तिच्या मनात पोहोचले, असे बर्गर मानू लागला. मनातल्या ऊर्जेचे मोजमाप व्हावे हा ध्यास त्याने जर्मनीतल्या येना इथे वर्षानुवर्षे जपला. १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विजेचा पहिला आलेख त्याने मिळवला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. आज फेफऱ्याच्या निदानासाठी जो ईईजी काढतात तो हाच. विचारसंक्रमणाचा काही पत्ता त्याला लागला नाही, पण त्याच्या शोधात निघाला म्हणूनच हे यंत्र त्याच्या हाती आले. शोधाची प्रेरणा आणि शोधाचे फळ एका जातीची असावी लागतात, हा आपला समज इथे टिकत नाही.

एडिसनची कथा मात्र जितकी सांगितली जाते तितकी भरीव नाही. मृतांशी संपर्क साधणाऱ्या उपकरणावर आपण काम करत आहोत असे त्याने १९२० मध्ये मुलाखतींत म्हटले. असे यंत्र कधी सापडले नाही. १८७७ मध्ये त्याने फोनोग्राफ शोधून काढला, तेव्हाच गेलेल्या माणसाचा आवाज जपून ठेवणारे यंत्र जगाला मिळाले होते.

आत्म्यांच्या छायाचित्रांचा इतिहास पुस्तकात विस्ताराने आला आहे, म्हणून इथे आवरते घेते. बॉस्टनच्या विल्यम ममलरने १८६० च्या दशकात काचपट्ट्यांवर मृत नातलगांच्या धूसर आकृती ‘उतरवल्या’. १८६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला आणि तो सुटला. जुन्या पट्टीवरची प्रतिमा नीट धुतली गेली नाही तर ती नव्या चित्रात उमटते, हे प्रत्येक छायाचित्रकाराला ठाऊक होते. तरी लिंकनची विधवा त्याच्याकडे गेली आणि पतीची छाया सोबत घेऊन परतली.

थोडे अधिक थांबायला हवे ते जॉन मरे स्पिअरपाशी. हा ख्रिस्ती धर्मोपदेशक, गुलामगिरीचा कडवा विरोधक. १८५३ मध्ये त्याला फ्रँकलिनसह अनेक आत्म्यांचे आदेश येऊ लागले, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी टेकडीवरच्या एका घरात त्याने तांबे, जस्त आणि चुंबके यांचे एक यंत्र उभारायला घेतले. ते जिवंत होईल, स्वतःच्या बळावर चालेल आणि माणसाला कष्टांतून सोडवील असे त्याच्या मंडळींना वाटत होते. एका स्त्रीने यंत्रापाशी जाऊन प्रसूतीसारख्या वेणाही सोसल्या. यंत्र चालले नाही. ते दुसऱ्या गावी हलवल्यावर जमावाने मोडून टाकले, असे स्पिअरने सांगितले. पण त्या स्वप्नात गुलाम माणसाच्या जागी चालणारे यंत्र होते, हे विसरून चालणार नाही. गुलामगिरीविरोधी आणि स्त्री-हक्कांच्या चळवळी आणि आत्म्यांच्या बैठका यांत तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटतात.

परीक्षेची रीतही याच वातावरणात घडत होती. १८५३ मध्ये मायकेल फॅरडेने हलणाऱ्या टेबलांची तपासणी केली. हात ठेवायच्या पुठ्ठ्यांखाली त्याने लहान रूळ बसवले आणि पुठ्ठा आधी सरकतो की टेबल, हे दाखवणारा काटा जोडला. लोक नकळत टेबल ढकलत होते. काटा त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवताच टेबल हलायचे थांबले. लंडनमध्ये १८८२ साली अशा दाव्यांची तपासणी करणारी सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च स्थापन झाली आणि ‘टेलिपथी’ हा शब्दही त्याच वर्षी फ्रेडरिक मायर्सने घडवला. खेळातला झाकलेला पत्ता ओळखण्याचे निकाल नुसत्या योगायोगाने येऊ शकतील का, याचे गणित शार्ल रिशे याने १८८४ मध्ये मांडले. प्रयोगात क्रम यदृच्छेने ठरवण्याची पद्धत, जिच्यावर आज शेतीपासून लशींपर्यंतच्या चाचण्या उभ्या आहेत, तिच्या पूर्वजांत हे प्रयोग येतात.

आपल्याकडे हा प्रवाह बोटीने आला. १८७९ च्या फेब्रुवारीत थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक हेलेना ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईत उतरले आणि गिरगावात राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक मुंबईतून निघाले. अहमदाबादच्या मराठी ब्राह्मण घराण्यातला दामोदर मावळणकर हा तरुण घरदार सोडून त्याच्या कामाला लागला आणि १८८५ मध्ये तिबेटच्या वाटेला लागल्यावर पुन्हा दिसला नाही. थिऑसॉफीचे महात्मे हिमालयापलीकडे राहतात आणि त्यांची पत्रे अलौकिक रीतीने प्रकट होतात, असे सांगितले जाई. पण १८८० मध्ये अलाहाबादचे संपादक सिनेट यांची खात्री पटवण्यासाठी कूटहूमी या महात्म्याकडून उत्तर आले ते झेलमच्या सरकारी तारघरातून. सिनेटच्या दृष्टीने पुरावा होता तो टपालाचा शिक्का, तारेची वेळ आणि तारघरातल्या मूळ अर्जावरचे हस्ताक्षर. अलौकिकाची ग्वाही साम्राज्याच्या तारखात्याने द्यावी, हे त्या काळाचे खरे रूप आहे. १८८२ मध्ये संस्थेने मद्रासजवळ अड्यार इथे बस्तान हलवले. सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने पाठवलेल्या रिचर्ड हॉजसनने तिथे चौकशी करून १८८५ मध्ये फसवणुकीचा निष्कर्ष काढला. त्यावर वाद झाले, पण संस्थेचा प्रभाव ओसरला नाही.

कलकत्त्यात शिशिरकुमार घोष यांनी १९०६ मध्ये ‘हिंदू स्पिरिच्युअल मॅगझिन’ सुरू केले. रवींद्रनाथांनीही १९२९ च्या अखेरीस अशा बैठका घेतल्या होत्या. आपल्याकडे प्लँचेट घरोघर पोहोचले ते वाटी आणि अक्षरे लिहिलेला कागद घेऊन. पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथे अंगात येत होते, पितर जेवायला येत होते, कावळ्याने पिंडाला शिवण्याची वाट पाहिली जात होती. म्हणूनच इथल्या शिकलेल्या वर्गाने प्लँचेट का उचलले याचे उत्तर मला सरळ वाटते. अंगात येणे खेडवळ ठरले होते. प्लँचेट इंग्रजी होते, विजेच्या आणि चुंबकाच्या भाषेत बोलणारे होते. जुनीच गोष्ट नव्या यंत्राच्या परवान्याने दिवाणखान्यात आली.

या विषयावर लिहिणाऱ्यांच्या परंपरा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे एकमेकींशी फारसे पटत नाही. आर्थर कॉनन डॉइलने १९२६ मध्ये लिहिलेला इतिहास श्रद्धावंताचा आहे. त्याआधी, १९०२ मध्ये, फ्रँक पॉडमोरने लिहिलेला इतिहास संशयी परीक्षकाचा, आणि आजही अधिक उपयोगाचा. १९६४ मध्ये फ्रान्सिस येट्स यांनी आधुनिक विज्ञानाच्या मुळाशी प्रबोधनकाळातली जादूविद्या आहे असे मांडून खळबळ उडवली. त्यांचा सिद्धान्त आता पूर्णपणे कुणी मानत नाही, पण न्यूटनच्या किमयागिरीच्या हस्तलिखितांकडे गांभीर्याने पाहण्याचे वळण त्या काळात पक्के झाले. १९८९ मध्ये ॲन ब्रॉड आणि ॲलेक्स ओवेन यांनी माध्यम स्त्रियांना केंद्रस्थानी आणले. ज्या काळात स्त्रीने सभेत बोलणे अशोभनीय होते, त्या काळात समाधीत गेलेली स्त्री हजारोंपुढे बोलू शकत होती, हे त्यांचे प्रतिपादन मला निर्णायक वाटते. जेफ्री स्कॉन्स यांनी २००० मध्ये तारेपासून दूरचित्रवाणीपर्यंत प्रत्येक नव्या माध्यमाला भुताखेतांची सोबत कशी मिळाली ते दाखवले, तर रिचर्ड नोक्स यांनी २०१९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञांचे गूढसंशोधन प्रयोगशाळेच्या तपशिलांतून उभे केले. या साऱ्यांत वसाहतींची बाजू पातळ आहे. मुंबई, अड्यार, कलकत्ता ही नावे येतात ती बहुधा युरोपीय पाहुण्यांच्या मुक्कामांपुरती.

आज या विषयाला नवी निकड आली आहे. २०२० मध्ये दक्षिण कोरियाच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात एका आईची तिच्या मृत मुलीच्या संगणकनिर्मित प्रतिमेशी भेट घडवली गेली. गेलेल्या माणसाचे संदेश आणि आवाज पुरवले की त्याच्यासारखे बोलणारी प्रणाली आता विकत मिळते. तिच्यात आत्मा आहे असे विकणारेही म्हणत नाहीत, पण ऐकणाऱ्याच्या मनात काय होते याविषयी आपल्याला सर्वाधिक सांगू शकतात त्या व्हार्लीच्या, क्रुक्सच्या, लॉजच्या नोंदी. बैठकीत माध्यम थोडेसेच बोले आणि बाकीचे शोकाकुल माणूस भरून काढी. हे आधी ओळखले असते तर आजची चर्चा इतकी बाळबोध झाली नसती.

महाराष्ट्रात लिहिताना आणखी एक जबाबदारी येते. बुवाबाजीविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा आला. ‘मोठमोठे शास्त्रज्ञही मानत होते’ हे वाक्य इथे अनेक भोंदूंच्या जाहिरातीत असते. त्याला माझे उत्तर या पुस्तकात आहे. त्यांनी मानले तसे तपासलेही, आणि त्यांच्या तपासणीतून जे टिकले ते यंत्र आणि पद्धत, आत्मे नव्हेत. दाभोलकरांच्या चळवळीने प्रात्यक्षिकांतून जी परीक्षा गावोगाव पोहोचवली, तिचे पूर्वज फॅरडेच्या रुळांत आणि १७८४ च्या बांधलेल्या डोळ्यांत आहेत.

पुस्तकाला मर्यादा आहेत. अग्निबाणांच्या इतिहासातले जॅक पार्सन्स आणि त्सिओलकोव्हस्की यांचे गूढवाद स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहेत, म्हणून त्यांना स्पर्श केलेला नाही. पारंपरिक मंत्रतंत्रात शिरलेले नाही. जिथे यंत्र, प्रयोग किंवा मोजमाप आहे तिथेच थांबले आहे. मांडणी कालक्रमाने नसून साधनांनुसार आहे: तार, छायाचित्र, नळी, लहर, मुद्रित आवाज. प्रत्येक ठिकाणी उपकरण कसे चालत होते हे आधी सांगितले आहे, कारण ते समजल्याशिवाय कुणी कशावर का विश्वास ठेवला हे उमगत नाही.

माध्यम स्त्रियांचे स्वतःचे शब्द फार थोडे उरले आहेत. नोंदी बहुतेक त्यांची परीक्षा घेणाऱ्या पुरुषांच्या आहेत आणि त्यांत या स्त्रिया गॅल्व्हानोमीटरच्या शेजारचे आणखी एक उपकरण होऊन राहतात. म्हणून जिथे त्यांचे बोलणे सापडले तिथे ते दीर्घपणे दिले आहे. १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या भरल्या सभागृहात मॅगी फॉक्सने टकटक आपण पायांच्या बोटांच्या सांध्यांनी काढत होतो असे कबूल केले आणि करूनही दाखवले. पुढच्या वर्षी तिने ही कबुली मागे घेतली. १८९३ मध्ये ती गरिबीत वारली. हे दोन्ही जबाब पुस्तकात शेजारी शेजारी ठेवले आहेत, आणि ते दिले तेव्हा तिची परिस्थिती काय होती, पैसे कोण देत होते, तेही सोबत नोंदवले आहे.